जोडगाठीची केबल

"डोळा लावलात तर तिथल्या तिथे नापास, नियम सगळ्यांना सारखाच," साहेब दारातूनच म्हणाले. "केबलीच्या तोंडातला उजेड दिसत नाही, पण डोळा जाळतो."

"नाही लावणार," ताई म्हणाली. "आणि नणंदेसारखं दारात उभं राहून चुका काढू नका. मोबाइल बाहेर ठेवलात ना? मग या आत. कोपऱ्यात स्टूल आहे."

साहेब बसले. एके काळी ते याच बिनखिडकीच्या खोलीत तिच्या हाताखाली शिकले होते. आज तिची परीक्षा घ्यायला आले होते. लांबलेल्या आजारपणानंतर ती कामावर परतली होती. इंटरनेटच्या जुन्या स्विचमधल्या केबली आणि त्या ज्यांच्यात खुपसतात ती बोटाएवढी मॉड्यूलं सुखरूप काढली, तर ही खोली पुन्हा तिची. नाहीतर खाली टेबलाशी बसून लोकांचे फोन घ्यायचे.

"त्यापेक्षा घरी भांडी घासेन," असं तिनं सकाळी नवऱ्याला बजावलं होतं.

तिनं मनगटाला अंगातली स्थिर वीज उतरवणारा पट्टा बांधला आणि स्विचवरून बोटं फिरवली. आतले पंखे गरम हवा फेकत होते. प्रत्येक केबलीला दोऱ्याच्या गाठी होत्या, तिनंच तरुणपणी मारलेल्या. उष्णतेनं लेबलांची शाई उडायची म्हणून. तेव्हा सगळे तिला 'गाठीताई' म्हणून चिडवायचे. साहेबसुद्धा.

"हॉस्पिटलची लाइन चालू आहे," साहेब म्हणाले. "तिला धक्का लागला, तर भोंगा वाजेल आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही."

"तिला जोडगाठ आहे. ठाऊक आहे मला."

तिनं पहिल्या केबलीची खिट्टी दाबली आणि केबल सरळ ओढली. टक्. टोकावर टोपी बसवली. मग मॉड्यूलची तारेची कडी खाली पाडली. ते अलगद हातात आलं. तोंडात बूच, आणि थेट पिशवीत.

एसी घरघरला आणि बंद पडला. ताईचे हात थांबले नाहीत.

"ताई..."

"बोला."

"काही नाही. चालू द्या."

टक्, टोपी. टक्, बूच. मागे साहेबांचं पेन पडलं.

"सापडलं का?"

"राहू दे. तुम्ही तुमचं करा."

एक मॉड्यूल रुसलेल्या जावयासारखं अडून बसलं. दुसऱ्या कुणी पक्कड उचलली असती. ताईनं ते आधी थोडं आत ढकललं, कडी पुन्हा नीट पाडली. आलं.

शेवटी बोटांखाली फक्त जोडगाठ उरली. तिनं हात मागे घेतला. भोंगा गप्पच होता.

"झालं."

"पास," साहेब म्हणाले. "इतकं नेटकं काम मी आजवर ऐकलं नव्हतं."

ताईचा ऊर भरून आला. भर सभेत बक्षीस मिळाल्यासारखी ती ताठ उभी राहिली.

"मग चला, चहा पाजा."

साहेब जागचे हलेनात.

"ताई, वीज केव्हाच गेलीय. स्विच बॅटरीवर चालू आहे, पण त्याच्या या टिकल्यांएवढ्या दिव्यांत मला माझा हातसुद्धा दिसत नाही. दार कुठल्या बाजूला आहे?"

"असं होय," ताई म्हणाली. तिनं घडीची पांढरी काठी झटकून उघडली, दुसऱ्या हातानं साहेबांचं मनगट धरलं आणि त्यांना बाहेर नेलं.