सतराव्या ओळीतला अंगठा

पगाराच्या रजिस्टरात सतराव्या ओळीवर भाग्यश्रीचं बोट थांबलं. जमुना चांगदेव कोळी. नावापुढे निळा अंगठा, एक एक रेघ मोजून घ्यावी इतका स्वच्छ उमटलेला.

जमुना तिची आई.

आईला सही येते. भाग्यश्री चौथीत असताना तिनेच जुन्या वहीच्या मागच्या पानांवर ती गिरवून घेतली होती. आणि अंगठा म्हणाल, तर आईला तो उरलेलाच नाही. अकरा वर्षं बर्फाच्या पाण्यात कोळंबी सोलून बोटांच्या रेघा पार गेल्यात. रेशनच्या दुकानातलं मशीन तिचा अंगठा घेत नाही. दर महिन्याला भाग्यश्रीला कॉलेज बुडवून जावं लागतं, तेव्हा तांदूळ मिळतो. इथे मात्र अंगठा झकास आला होता, आणि त्याच्या शेजारी पगार चौदा हजार आठशे. घरी पाकिटात नऊ येतात.

तिने वरच्या ओळी पाहिल्या, खालच्या पाहिल्या. बेचाळीस बायका. बेचाळीसही अंगठ्यांना डाव्या कडेला तीच एक तिरकी चीर. कुणीतरी एकाच बैठकीत ठोकत सुटला होता. त्या शहाण्याला एवढंही ठाऊक नव्हतं, की कोळंबी सोलणारीचा अंगठा असा उमटत नाही.

तळोज्याच्या त्या कोळंबीच्या कारखान्यातल्या गारठलेल्या केबिनमध्ये ऑडिट फर्मकडच्या तिच्या उन्हाळी इंटर्नशिपचा तो विसावा दिवस होता. काम सोपं होतं. रजिस्टर बघायचं, हिरव्या पेनाने टिक मारायची. आई इथे कामाला आहे हे तिने ऑफिसात सांगितलं नव्हतं. आईनेच बजावलं होतं, की आपली ओळख दाखवायची नाही, कोळंबीवालीची पोर म्हणून बघतील तुला.

समोर बसलेला आशुतोष तिचा सीनियर. ही इंटर्नशिप नीट झाली तर पुढची नोकरी कुणाला द्यायची ते त्याच्या शब्दावर ठरणार होतं. तिने रजिस्टर त्याच्याकडे फिरवलं.

"सर, हे सगळे अंगठे एकाच माणसाचे आहेत."

आशुतोष मूर्ख नव्हता. तो वाकला, त्याने पाहिलं, आणि त्याला दिसलं. मग तो ताठ बसला.

"अंगठा आहे ना? मग टिक मार. आपण काय पोलीस आहोत?"

तेवढ्यात कंपनीचे मॅनेजर नंदकिशोर जेवणाचं विचारायला आत आले. ऑडिटवाल्यांना खाऊ घालण्यात या माणसाची वीस वर्षं गेलेली. ते चिडले नाहीत. हसले. म्हणाले, आजकालची मुलं बारीक बघतात, चांगलं आहे. शंका ठेवू नका, एकीला समोरच बोलावतो, कुठली बोलावू, ही का? भाग्यश्रीचं बोट अजून सतराव्या ओळीवरच होतं. ही नको, दुसरी कुणीही, असं ती म्हणेपर्यंत त्यांनी फोन उचलला होता.

जमुना आली. डोक्याला पांढरी टोपी, पायात गमबूट, रबरी एप्रनवरून पाणी ठिबकतंय. तिने पोरीकडे एकदा बघितलं, खुर्चीकडे बघावं तसं.

नंदकिशोरनी फार गोड आवाजात विचारलं, पगार घेताना सही करता की अंगठा? आणि बोलता बोलता म्हणाले, सकाळपासून गेटवर कामासाठी बायका उभ्या आहेत, त्या गेल्या का अजून आहेत ते जरा परत जाताना बघून सांगा.

"अंगठा, साहेब," जमुना म्हणाली. "मना लिवता येत नाय."

नंदकिशोरनी शाईचा पॅड पुढे सरकवला. घ्या, तुमच्यासमोरच घ्या. कोरा कागद हलू नये म्हणून भाग्यश्रीला तो दोन्ही हातांनी धरावा लागला. जमुनाने अंगठा एप्रनला पुसला, शाईत बुडवला, दाबला. उचलला तर कागदावर नुसता निळा डाग. रेघ नाही, चीर नाही, काही नाही. तिने पुन्हा दाबला. दुसरा डाग.

आशुतोषने कागद उचलून रजिस्टरातल्या सतराव्या अंगठ्याशेजारी धरला. नीट वेळ घेऊन बघितलं.

"मॅच होतंय," तो म्हणाला.

अंगठा अजून शाईने भरलेला होता. जमुनाने तो मुठीत लपवला आणि पोरीला विचारलं, "मॅडम, जाव मी?"

भाग्यश्रीने मान हलवली. दुसरं काय करणार होती? कॉलेजात शिकवलं होतं, ऑडिटर म्हणजे राखणदार कुत्रा. कुत्रं कुणाची भाकर खातं ते परीक्षेला नव्हतं.

गमबुटांचा पचपच आवाज जिन्यावरून खाली गेला. लगेच वर बिर्याणीचा वास आला. कोळंबीची होती. कारखान्यातलीच, ताजी सोललेली.

आशुतोष उठला. जाताना त्याने तो कागद भाग्यश्रीपुढे टाकला आणि म्हणाला, पुरावा म्हणून फाइलला लाव, खाली 'तपासले' लिहून तुझी सही कर आणि जेवायला ये, गार होतंय.

तिने सतराव्या ओळीवर टिक मारली. मग बाकीच्या एकेचाळीस ओळींवर. मग कागद पुढे ओढला, दोन निळ्या डागांखाली 'तपासले' लिहिलं आणि सही केली.

सही अगदी स्वच्छ उमटली.