दोन कोरे ठोके

त्या दिवशीही नेहमीसारखंच झालं. कापडासाठी झाडाची साल कुटता कुटता तोआकासे उठली. परसात डुक्कर शिरलं होतं. ते हुसकताना पिकलेली पपई दिसली, पपईसाठी काठी शोधताना फाटकं जाळं हाती लागलं, आणि ते सांधत ती पायरीवर बसून राहिली. इकडे ओंडक्यावरची ओली साल वाळू लागली.

ठक, ठक. नुसत्या लाकडावर मोगरीचे दोन कोरे ठोके. जाळं टाकून ती परतली. ओंडक्याच्या दुसऱ्या टोकाला मोगरी धरून बसलेल्या आईने वरही पाहिलं नाही.

सेला आत्या हसली. "वहिनी, तुझी लेक म्हणजे दोर सुटलेली होडी."

"होडी चांगली आहे हो, वन्सं. लक्ष ठरत नाही तिचं. ऑकलंडच्या डॉक्टरांनी नावसुद्धा सांगितलंय त्याला."

"आणि औषध?"

"गोळ्या आहेत. आणि मी आहे."

दुसऱ्या दिवशी आई उठलीच नाही.

टोंगाच्या बेटांवर मयत झाली की शोक फिटेपर्यंत गावात मोगरी वाजत नाही. अर्धी कुटलेली साल गुंडाळून आढ्याला टांगलेली राहिली. शोक फिटला त्या सकाळी आत्या दारात आली.

"आण ती साल. आम्ही बायका मिळून संपवतो. वहिनीचं शेवटचं कापड ते, तुझ्या हातून अर्धवट राहायला नको."

"दुपारपर्यंत थांबा, आत्या. नाही झालं तर खुशाल घेऊन जा."

साल भिजवून ती बसली. हात चांगला चालला होता, साल रुंदावत होती. मग पपईवर पाखरं कलकलली. ती उठली. पाखरं, पपई, काठी. आणि काठीपाशी तेच जाळं. पायरीवर बसून ती गाठी मारू लागली. ऊन पायरीवरून अंगणात उतरलं.

एका गाठीवर तिचे हात थांबले. केव्हापासून ती कशाची तरी वाट पाहत होती. एव्हाना ठोके यायला हवे होते.

जाळं ठेवून ती आत आली. आपल्या जागी न जाता आईच्या जागेवर बसली. आईची मोगरी मुठीपाशी झिजून गुळगुळीत झाली होती. तिने ती उचलली आणि नुसत्या लाकडावर दोनदा मारली.

ठक, ठक.

मग उठली, वळसा घालून आपल्या टोकाला आली आणि साल पुढ्यात ओढली. टोपली घेऊन आलेली आत्या उंबऱ्यातच थांबली.

"आले गं, आई," तोआकासे मोठ्याने म्हणाली. "दर वेळी तू बोलावलंस, म्हणूनच परत येत राहिले."