डाव्या हाताचे घाव

म्हाताऱ्याने सातवा मुखवटा भिंतीवरून उतरवला आणि फांगामान मास्तरांचा संयम सुटला.

"बाबा, खाली ठेवा तो आधी! हात लावू नका म्हणून तीनदा सांगितलं तुम्हाला."

"हात न लावता कसं कळणार?" म्हातारा म्हणाला, आणि त्याने मुखवटा उलटा केला.

पुढून तो बघतच नव्हता. गालांवरच्या रेघा, कपाळावर बसलेला धनेश पक्षी, ज्यासाठी लोक समुद्र ओलांडून कोरोगोला येतात, त्यातलं त्याला काहीच नको होतं. प्रत्येक मुखवट्याच्या आतल्या खोलगट लाकडावरून तो अंगठा फिरवी, मान हलवी आणि मुखवटा भलत्याच खिळ्याला अडकवून ठेवी.

मास्तर वैतागून गेले होते. मयताच्या नाचातले हे मुखवटे जमवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर तर दुसरा उद्योगच नव्हता. बैठकीच्या खोलीत एक्केचाळीस टांगले होते. आज दहा वाजता दूरच्या आबिजान शहरातून प्रदर्शनाची माणसं यायची होती. त्यांनी फोटो पाहून एकच पसंत केला होता, सगळ्यांत देखणा. मास्तरांनी तो काल स्वतःच्या हाताने कापसात गुंडाळून पेटीत घातला होता. आणि आज सकाळी सातलाच हा धुळीने माखलेला म्हातारा दारात उभा. बायको कशी, गुरं कशी, कोनफळाचं पीक कसं, अशी सगळ्यांची खुशाली विचारण्यात त्याने पाऊण तास घालवला, आणि मग परवानगी न विचारता भिंतीलाच हात घातला.

"अगं, सांग ना जरा यांना!" मास्तर आत बघून ओरडले.

"मी काय सांगू?" त्यांची बायको मिनाता भाजी चिरता चिरता म्हणाली. "उतरवा ते भिंतीवरून, म्हणून मी तीस वर्षं ओरडतेय. आज एक भला माणूस उतरवायला आला, तर तुम्ही त्याच्यावर खेकसताय!"

म्हातारा मनापासून हसला आणि एकेक करून भिंतीवरचे उरलेले सगळे मुखवटे त्याने पाहून संपवले. त्यामुळे मास्तर आणखीच तापले.

"गाव कुठलं तुमचं?"

"नाफुन. मी नाविगे, नाफुनचा."

मास्तरांची नजर पेटीकडे गेली. पेटीतला मुखवटा नाफुनचा होता. एकोणीस वर्षांपूर्वी एक माणूस सायकलवरून पोत्यात घालून घेऊन आला होता. गावाचं नाव तेवढं मास्तरांनी विचारून घेतलं. कुणाचा, कुणाला विचारून आणला, हे विचारलं नाही. उत्तर काय येईल ते त्यांना ठाऊक होतं.

"संपले सगळे," ते घाईघाईने म्हणाले. "एवढेच आहेत. या आता."

नाविगेने दाराआडच्या पेटीकडे बोट केलं. "त्यात कोण आहे?"

"कपडे आहेत त्यात."

"मुखवटा आहे," आतून मिनाता म्हणाली.

मास्तरांनी कपाळावर हात मारला. मग हातोडी आणून पेटीचे खिळे एकेक करून उचकटले. "घ्या! बघून घ्या! मग जा गावच्या मुखियाकडे, जा पोलिसांत. काय तमाशा करायचा तो करा!"

नाविगेने मुखवटा उचलला, पालथा केला. अंगठा आत फिरला आणि मध्येच थांबला. लाकूड कोरायच्या वाकसाचे घाव उलट बाजूने गेले होते. डावखुऱ्या माणसाच्या हातून जातात तसे.

तो हळूच जमिनीवर बसला. मुखवटा मांडीवर घेऊन त्याने तो सुलटा केला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याने कुठल्या मुखवट्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"सोंगी गेला रे," तो मुखवट्याला म्हणाला. "सोमवारी दुपारी. फार त्रास नाही झाला. थोडी पेज प्यायला, कुशीवर वळला, बस्स. उगाच जिवाला लावून घेऊ नकोस."

मिनाता विळी टाकून दारात येऊन उभी राहिली.

"सोंगी कोण?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज आपोआप खाली आला होता.

"धाकटा भाऊ माझा. त्यानंच घडवला हा. असे अकरा घडवले आयुष्यात. मूलबाळ झालं नाही त्याला. जाताना म्हणाला, दादा, माझ्या पोरांना कळवशील ना? नऊ गावातच आहेत. दहावा बाजारातल्या एका दुकानात भेटला काल. हा राहिला होता."

मास्तरांनी पेटी त्याच्याकडे सरकवली. "घेऊन जा," ते म्हणाले. "तुमचाच आहे. मी तेव्हाच विचारायला हवं होतं."

"मी न्यायला नाही आलो, मास्तर. तुमच्या घरात वाढलाय तो. सांगायचं होतं, सांगितलं." नाविगेने मुखवटा कापसात ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठला. "शुक्रवारी नाचून सोंगीला पुढच्या वाटेला लावायचंय. नऊ जण नाचतील." मिनाताने पाणी दिलं. ते पिऊन तो निघून गेला.

दहाला गाडी आली. दोन साहेब उतरले. मास्तर उघड्या पेटीशेजारी जमिनीवर बसले होते.

"हाच ना तो? वा!" एक साहेब वाकून म्हणाला. "चला, झाकण ठोका. रात्रीपर्यंत आबिजान गाठायचंय."

मास्तरांनी पेटीवर आडवा हात धरला.

"आज नाही येणार तो," ते म्हणाले. "त्याचा बाप गेलाय."