मागं येऊ दे

"मागं येऊ दे... अजून... डावं चाक सांभाळ... विठ्ठल!"

आण्णांनी 'विठ्ठल' म्हटलं की चंदरनं ब्रेक दाबायचा, असं बापलेकांत ठरलेलं होतं. गाडी थांबली. चाक वाकडंच राहिलं होतं. पुन्हा पुढं, पुन्हा मागं.

एका बाजूला विहिरीचा कठडा, दुसऱ्या बाजूला गोठ्याची भिंत आणि मधल्या बोळात ही लाल, बुटकी, दोन माणसांची शर्यतीची गाडी. आत बसलं की बूड रस्त्याला टेकल्यासारखं वाटायचं, मागचं काही दिसायचं नाही, असं चंदरचं म्हणणं. गाडी उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या शेठची. विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाकडून त्यानं ती हौसेनं घेतली, पण बराकीपुढं ठेवायला जागा नव्हती. म्हणून ती ड्रायव्हरच्या, म्हणजे चंदरच्या घरी, बेलवलीला रोज मुक्कामाला येऊ लागली.

नेमका त्याच आठवड्यात मारुतीच्या देवळात कीर्तनाचा सप्ताह लागला. आण्णा कीर्तनाचे वेडे. सगळी आख्यानं तोंडपाठ. सून सुनंदानं बाजारातली साधी गोष्ट सांगायला घेतली तरी शेवट तेच सांगून मोकळे होत. पण या खेपेला तिकडं टाळ वाजू लागले की आण्णा इकडं कंदील धरून विहिरीपाशी उभे. गाडी लागेपर्यंत देवळात आरती सुरू व्हायची.

आळीत हसं झालं. शेजारची आवडी म्हातारी म्हणाली, याच्यापरीस आमचा बैल बरा, शेपटी पिळली की सरळ मागं येतो. चंदर मान खाली घालून हसला.

सुनंदाला मात्र नवऱ्याचं हसं झालं त्यापेक्षा सासऱ्यांचं कीर्तन बुडतंय, हेच जास्त लागलं. सप्ताहाच्या आदल्या दिवशी कीर्तनकार बुवा स्वतः घरी आले होते. तरुण बुवा, आण्णांच्या पाया पडले, दूध घेतलं, जाताना विहिरीपाशी चंदरशी कितीतरी वेळ बोलत राहिले. एवढा मान मिळालेला म्हातारा, आणि यानं त्याला गाडीमागं जुंपावं!

त्यात आवडीनं आणखी एक सांगितलं. चंदर म्हणे दिवसाउजेडी रेल्वेच्या फाटकापाशी येतो आणि टाळ ऐकू येईपर्यंत तिथंच गाडीत बसून राहतो. सुनंदानं विचारलं, तर म्हणाला, इंजिन तापतं.

शेवटच्या दिवशी तिनं धुतलेलं उपरणं आण्णांच्या खांद्यावर टाकलं.

"आज गाडीमागं मी उभी राहते. तुम्ही जा."

आण्णा घुटमळले. "त्याला जमायचं नाही गं. कठड्याला घासली तर शेठ कामावरून काढील."

"घासली तर घासली. जा तुम्ही."

आण्णा लहान पोरासारखे लगबगीनं गेले.

चंदर आला तेव्हा कंदील सुनंदाच्या हातात होता.

"आण्णा कुठंयत?"

"जिथं असायला हवेत तिथं."

त्याचा चेहरा उतरला. त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. गाडी एका दमात आत आली आणि देव्हाऱ्यात मूर्ती बसवावी तशी बोळाच्या मधोमध बसली. सुनंदाचा 'विठ्ठल' तोंडातच राहिला.

"तुम्हाला येत होतं?"

त्याचा कान शेतापलीकडच्या देवळाकडं होता. आख्यान रंगात आलं होतं. राजानं आपल्याच राणीवर तलवार उचलली, बुवांचा स्वर वर चढत गेला आणि मृदंग थांबला. सगळा मांडव चिडीचूप.

त्या शांततेत आण्णांचा खणखणीत आवाज आला, "भिऊ नका रे, तलवार लागत नाही. देव येऊन हात धरतो."

मांडवात हशा उसळला. चंदरनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"बुवा त्या दिवशी हात जोडून हेच सांगत होते," तो म्हणाला. "सप्ताहभर आण्णांना कसंही करून घरी गुंतवून ठेव म्हणून."