वाळवंटातली पन्हळ

शिडीवरून पहिलं ढेकूळ खाली आदळलं तेव्हा विनीताला वाटलं, छपराचाच तुकडा निघाला. तिने ते चपलेने उलटवून पाहिलं. माती होती. वर्षभराची धूळ, झाडांची वाळकी पिवळी फुलं आणि कबुतरांची पिसं, उन्हात भाजून विटेसारखी टणक झालेली.

"अजून पुष्कळ आहे," रमोन वरून ओरडला. पन्हळींची कामं करणारा हा माणूस शेजारणीने सुचवला होता. ऊन चढायच्या आत आटपायचं म्हणून तो उजाडताच हजर झाला होता.

ॲरिझोनात पाऊस म्हणजे वर्षातून मोजके दिवस. या वाळवंटात छपराला पन्हळी हव्यात कशाला, असं घर घेताना विनीताच हसून म्हणाली होती. पण पाऊस यायच्या आधी धुळीचं वादळ येतं, पन्हळी गच्च भरतात आणि मग पाणी कोसळतं. जमीन इतकी कडक की ते मुरत नाही, भिंतीला लागून तुंबतं. परवा ते तिच्या नऊ वर्षांच्या लेकीच्या, मैत्रीच्या खोलीत शिरलं होतं. पोर पाय वर घेऊन पलंगावर बसली होती. "मम्मा, इट्स कमिंग फ्रॉम द वॉल," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

एरवी हे काम परीक्षितचं. पावसाळ्याआधी विनीताच्या नवऱ्याची शिडी भिंतीला लागायची आणि तो अर्धा दिवस छपरावर असायचा. दुसऱ्या कुणी घराला हात लावलेला त्याला खपायचा नाही. जानेवारीत वडील गेले म्हणून तो पुण्याला धावला, दोन आठवड्यांसाठी. परत यायचं तर पासपोर्टवर नवा व्हिसा लागणार होता. पासपोर्ट कॉन्सुलेटमध्ये दिला, तो तिथेच अडकला. प्रोसेसिंग चालू आहे, याखेरीज उत्तर नाही. कंपनीने थोडे दिवस पुण्यातून काम करू दिलं, मग बिनपगारी रजेवर बसवलं. विनीताचा व्हिसा त्याच्याच व्हिसाला बांधलेला, तिला नोकरीची मुभा नव्हती. जुलै उजाडला. शिल्लक होती त्यावर घर चाललं होतं.

तो रोज फोन करायचा. एसीचा फिल्टर बदललास का? लिंबाला पाणी घातलंस का? छपराच्या गटरकडे बघू नकोस, मी आलो की करतो. तो सांगेल ते विनीता करायची आणि बाकीचं त्याच्या येण्यावर टाकायची. मैत्रीचा पोहण्याचा क्लास, कारचे टायर, दिवाणखान्यातला फुटलेला दिवा. काही ठरवलं तर तो येणार नाही हे मान्य केल्यासारखं होईल, असं तिला उगीच वाटायचं.

या आठवड्यात मात्र त्याने घराबद्दल विचारलंच नव्हतं. मैत्रीशी बोलायचा, फोन ठेवायचा. भिंतीतून पाणी आल्याचं सांगितलं तर म्हणाला, "बघ, तुला सुचेल ते कर." थकला असेल, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

रमोन खाली उतरला. घामाने त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता.

"उन्हाने पत्रा वाकलाय, सांधे सुटलेत. साफ करून सांधे बुजवले तर तीनशे डॉलर. वर्ष-दोन वर्षं निघतील. सगळी नवी, बिनसांध्याची घातली तर अठराशे. मग वीस वर्षं बघायला नको." त्याने तोंड पुसलं. "किती वर्षं राहायचा विचार आहे तुमचा?"

विनीताने मैत्रीच्या खोलीच्या भिंतीकडे पाहिलं. ओलीचा डाग खिडकीपर्यंत चढला होता. सहा महिन्यांत तिला हा प्रश्न कुणी इतक्या सरळ विचारला नव्हता. तिने स्वतःलाही विचारला नव्हता.

"आम्ही इथेच राहणार आहोत," ती म्हणाली. "नवी घाला."

बोलून गेली आणि तिला एकदम हलकं वाटलं. जुना पत्रा ड्राइव्हवेवर धाडकन पडला, शेजारचा कुत्रा भुंकत सुटला, आणि मैत्री खिडकीतून टाळ्या वाजवायला लागली. विनीता खळखळून हसली. पुढच्या बाजूची नवी पन्हळ बसताच तिने व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात जेवणं उरकत होती.

"बघ, न विचारता करून टाकलं! तुझी वाट बघत बसले असते तर घर वाहून गेलं असतं." तिने फोन छपराकडे धरला. "सगळ्या नव्या गटर्स. वीस वर्षं बघायला नको म्हणतो."

"गटर? घरावर गटर कुठून आलं गं?" मागून सासूबाईंनी विचारलं.

परीक्षित हसला नाही. तो उठला. दुसऱ्या खोलीत गेल्याचं दिसलं, दार लावल्याचा आवाज आला. 

"आवडल्या नाहीत का?" विनीताने विचारलं.

"मंगळवारी पासपोर्ट व्हिसाशिवायच परत आला, विनी," तो म्हणाला. "छोटंच काम करायचं होतंस गं. घर विकेपर्यंत टिकलं असतं."