पाठमोरी बहीण

मल्टिपल स्क्लेरोसिसचे रुग्ण आणि निरोगी माणसं यांची तुलना रायपूरच्या एका दवाखान्यात सुरू होती. देवश्रीला नसांचा हा आजार जडून बरीच वर्षं झाली होती. तिच्या जोडीला निरोगी म्हणून तिचीच जुळी बहीण पल्लवी आली. चालण्याच्या चाचणीत देवश्री काठी टेकत कशीबशी भिंतीपर्यंत पोचली. मग पल्लवीची पाळी आली, तर तीही पाय ओढत चालू लागली. "दीदी, रोज चलती हो वैसे चलिए," टेक्निशियन म्हणाला. पल्लवी थांबली. "काहून हळू चालून राहिली वं?" देवश्रीनं विचारलं. "तुह्यासमोर भरभर कशी चालू?" "आपण बुढापारा मोहल्ल्यातून कॉलेजले जायचो तशी चाल. मले पाहू दे, आज मी कशी चालली असती." पल्लवी ओढणी खोचून झपाझप निघाली. देवश्री पाठमोऱ्या बहिणीकडे पाहत राहिली. "अजून एकदा चाल ना," ती म्हणाली.