रुचिकाचं दुखणं

रुचिकाला जन्मापासून सिकलसेल, अंग ठणकवणारा रक्ताचा आजार. धंतोलीतल्या डॉक्टरांपुढे तिच्या वतीनं बोलायची तिची आई, पुष्पलता. पोरीचं कुठं दुखतं, किती दुखतं, सारं तिला तोंडपाठ.

कॉलेजात गेल्यावर रुचिका सिकलसेल असलेल्या तरुण पोरापोरींच्या गटात जायला लागली आणि घरात एकच नाव घुमू लागलं. मयुराताईनं हे शिकवलं, मयुराताई असं म्हणाली. मयुरा गट चालवायची, तिलाही हाच आजार. गटाच्या रामदासपेठेतल्या सभेत रुचिका माईकवरून मोठमोठ्या साहेबांपुढं न अडखळता बोलली. टाळ्या पडल्या, आणि खाली उतरून ती आधी बिलगली मयुराला. पुष्पलताचा नुसता जळफळाट झाला.

"तुले पाठीवर घेऊन दवाखान्यात कोण धावे, ते बी सांगायचं होतं ना वं माईकवर!" घरी येताना ती म्हणालीच.

पुढच्या तपासणीला पुष्पलता मुद्दाम डॉक्टरांच्या अगदी समोरच्या खुर्चीत बसली. ही जागा तरी तिची होती.

"रात्री दुखतं का?" डॉक्टरांनी रुचिकाला विचारलं.

"नाही जी, मस्त झोपते," पुष्पलतानं उत्तर दिलं.

रुचिकानं आईचा हात हातात घेतला. "आई, आज मी सांगते."



"रोज दुखते, डॉक्टर. आईची झोप मोडू नये म्हणून मी उशी दातात धरून राहते."